जुना ट्रक ओढत नाही आणि डिझेल जास्त खातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या ट्रकच्या डिझेल पंपाला कॉम्प्युटर नाही, म्हणजे ढोबळमानाने बीएस-२ आणि बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचे जुने सरकारी निकष) काळातील सहा सिलिंडरच्या टर्बो गाड्या, त्यांच्या मालकांकडून आणि चालकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. टाटांचे ६९७ आणि कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन ही त्यांतली नेहमीची उदाहरणे आहेत. नव्या गाड्यांचे वेगळेपण प्रश्न १४ मध्ये दिले आहे.

१. पिकअप गेला आणि ॲव्हरेजही पडले. दोन्हींचा दोष एकच असतो का?

बहुतेक वेळा असतो, पण तसे गृहीत धरू नये. इंजिनाची ताकद कमी झाली की चालक खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहतो आणि पॅडल पूर्ण दाबून ठेवतो, त्यामुळे ॲव्हरेज आपोआप पडते. उलट दिशेने मात्र हे खरे नाही. पिकअप उत्तम असूनही ॲव्हरेज खराब असेल, तर पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल सोडत असेल, ब्रेक धरत असेल किंवा डिझेल चोरीला जाऊन इंजिनापर्यंत पोहोचतच नसेल (या शेवटच्या शक्यतेचा विचार मालक सहसा मनातच करतात). पिकअप नाही, धूरही नाही आणि ॲव्हरेज जेमतेम उतरलेले आहे, तर इंजिनाला डिझेल कमी मिळते आहे. पिकअप नाही आणि धूर काळा आहे, तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल नीट जळत नाही. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारात बसते हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

२. ॲव्हरेज खरोखर कमी झाले आहे की तसे वाटते आहे, हे कसे ठरवावे?

टाकी फुल ते टाकी फुल हाच विश्वासार्ह मार्ग आहे. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी सपाट जागी उभी करून टाकी भरावी, फेस बसू द्यावा आणि पुन्हा काठापर्यंत भरावे. किमान दोन-तीन फेऱ्यांचा हिशेब एकत्र करावा. १,२४० किलोमीटरला ३१० लिटर लागले तर ॲव्हरेज ४ आहे. तेच अंतर ३४४ लिटरमध्ये झाले तर ३.६ आहे, आणि या ३४ लिटरचा शोध घेणे योग्य ठरते. एका फेरीतला दोन-चार लिटरचा फरक वारा, भार आणि वाहतूक कोंडी यांतही निघून जातो.

किलोमीटरचा आकडाही तपासावा. टायरचा आकार बदलला किंवा घासलेल्या टायरच्या जागी नवे बसवले की मीटरचे अंतर बदलते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी ५० किलोमीटर ताडून पाहावे. डिझेलच्या मापाबद्दल शंका असेल तर पंपावर ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. घनताही मोजून मागता येते. नोंदवलेल्या घनतेपेक्षा ३ एककांहून (किलो प्रति घनमीटर) अधिक फरक पडला तर भेसळीचा संशय रास्त आहे, कारण रॉकेल मिसळलेले डिझेल हलके असते, लिटरमागे ऊर्जा कमी देते आणि पंपाचे एलिमेंट लवकर झिजवते.

३. तपासणी कुठून सुरू करावी?

जिथे खर्च नाही तिथून. चालकाच्या जागी एकाला बसवून पॅडल तळापर्यंत दाबायला सांगावे आणि दुसऱ्याने पंपाचा लिव्हर त्याच्या शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते पाहावे. झिजलेले बुश, ताणलेली केबल किंवा पॅडलखाली सरकलेली मॅट यांमुळे लिव्हर अर्ध्यावर थांबतो आणि मालक टर्बो बदलून येतो. आमच्याकडील एका गाडीचे नोझल (डिझेलचा फवारा मारणारा भाग) दोनदा खोलले गेले, आणि दोष निघाला तो केबिन दुरुस्त करताना वाकलेल्या लिंकच्या दांडीत.

त्यानंतरचा क्रम हवा (प्रश्न ५), डिझेलचा पुरवठा (प्रश्न ६), एक्झॉस्ट (प्रश्न ८), चाके आणि ब्रेक (प्रश्न १०), मग टॅपेट (व्हॉल्व्हचे अंतर), नोझल आणि पंप (प्रश्न ७), आणि सर्वांत शेवटी इंजिनाचे पोट (प्रश्न ११) असा ठेवावा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण पंप खोलण्याचे बिल मोठे होते आणि दांडी सरळ करण्याचे होत नाही.

४. धुराच्या रंगावरून काय कळते?

दिशा कळते, निदान होत नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. कारण हवा कमी, डिझेल जास्त किंवा फवारा खराब यांपैकी कोणतेही असू शकते. इंजिन गरम झाल्यावरही राहणारा आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल: टायमिंग मागे आहे, एखादे नोझल ठिबकते आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. पाण्याची वाफही पांढरीच दिसते, पण ती लवकर विरते. तिच्यासोबत रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट तपासावे. निळसर धूर ऑइल जळण्याचा असतो. तो टर्बोच्या सीलमधूनही येतो, म्हणून निळा धूर दिसला की लगेच बोअरचे (सिलिंडरचे) काम काढू नये.

५. एअर फिल्टर नवा टाकला, तरी काळा धूर आणि अशक्तपणा कायम आहे. पुढे काय?

नवा फिल्टर म्हणजे पुरेशी हवा, असे नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा मार्गही पाहावा लागतो. हवा ओढणाऱ्या उंच नळीत कापड, पाचट किंवा कुंभारमाशीचे घर अडकलेले सापडते. फिल्टर ते टर्बो हा रबरी पाइप बाहेरून धड दिसतो, पण आतला थर सुटलेला असेल तर जोरात हवा ओढली जाताना तो चपटा होतो आणि इंजिन बंद केल्यावर पुन्हा पूर्ववत दिसतो. मिस्त्रीला उभ्या गाडीत दोष सापडत नाही तो असा.

टर्बोनंतरच्या बाजूला उलट प्रश्न असतो, म्हणजे दाबाखालची हवा बाहेर गळते. होजची क्लॅम्प, इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) कोपरे आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट या तिन्ही जागा तपासाव्यात. चढावर भार असताना शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येणे आणि जोडाभोवती तेलकट काळी धूळ बसणे, या दोन्ही खुणा भरवशाच्या आहेत. खात्री करायची असेल तर टर्बोकडचे तोंड बंद करून लाइनमध्ये कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबाने, एक बारच्या आत ठेवून, सोडावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे.

यानंतर टर्बो. इंजिन थंड आणि बंद असताना पाइप काढून टर्बोची चक्री बोटाने फिरवावी. ती मोकळी फिरली पाहिजे आणि बाजूला ढकलून फिरवली तरी हाउसिंगला घासता कामा नये. किंचित आडवी हालचाल अनेक टर्बोंत मुळातच असते, तेवढ्यावरून तो बाद ठरवू नये. पाती झिजलेली किंवा वाकलेली असतील तर मात्र फिल्टरच्या बाजूने धूळ आत गेली आहे, आणि त्या वाटेचा शोध न घेता नवा टर्बो बसवला तर तोही टिकणार नाही. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला टाळून सोडणारी झडप) असलेल्या टर्बोत तो उघडा अडकला की बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, तयारच होत नाही. तात्पुरते बूस्ट गेज लावून चढावर आकडा पाहणे हा या साऱ्या वादावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

६. धूर अजिबात नाही, आवाज चांगला आहे, पण गाडी ओढत नाही. असे का?

इंजिनाला डिझेल अपुरे मिळते आहे. टाकीपासून सुरुवात करावी. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले की आत निर्वात होऊ लागतो. झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू आला आणि गाडी सुधारली, तर काम तिथेच संपले. टाकीतील सक्शन पाइपच्या टोकाची जाळी गाळाने भरते. फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) छोटी जाळी तर वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नसते. फिल्टर दोन असतील तर दोन्ही बदलावेत. पहिला तसाच ठेवून दुसरा बदलण्याची सवय सर्रास आढळते.

लाइन हवा घेते आहे का, हे पाहण्यासाठी फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. या बाजूला लाइनमध्ये ओढ असते, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि कोरडी दिसणारी लाइनही दोषी असू शकते. त्याहून सोपी कसोटी म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन केबिनबाहेर घट्ट बांधून फीड पंपाची नळी थेट त्यात सोडावी आणि गाडी चढावर चालवून पाहावी. गाडी सुधारली तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे, आणि पंप खोलण्याचा खर्च वाचला.

दोन कारणे हमखास निसटतात. पहिले, वेग मर्यादित ठेवणारे स्पीड गव्हर्नर. काही प्रकारांत त्याचा व्हॉल्व्ह डिझेलच्या लाइनवरच बसवलेला असतो आणि तो अर्धवट अडकला तर ८० सोडाच, ४० च्या वेगालाही डिझेल अपुरे पडते. तो काढून टाकणे हा उपाय नाही, अधिकृत फिटरकडून दुरुस्त करून घ्यावा. दुसरे, इनलाइन पंपावरील बूस्टचा डायफ्रॅम, ज्याला पंपवाले एलडीए म्हणतात. बूस्ट वाढले की तो डिझेल वाढवू देतो. मॅनिफोल्डकडून त्याच्याकडे येणारी बारीक नळी चिरली किंवा डायफ्रॅम फाटला, तर टर्बो पूर्ण हवा देत असूनही पंप डिझेल वाढवत नाही. नळी बदलायला दहा मिनिटे लागतात.

७. गॅरेजवाले पंप कॅलिब्रेशन आणि नोझल करायला सांगतात. करावे का?

प्रश्न ५ आणि ६ मधील तपासणी पूर्ण झाल्यावर करावे, आधी नाही. नोझल हा त्यातला स्वस्त आणि बहुधा लाभदायक भाग आहे. टेस्टरवर उघडण्याचा दाब कंपनीच्या आकड्याशी जुळतो का, फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते, आणि दाब किंचित कमी ठेवल्यावर टोक कोरडे राहते का, हे तिन्ही आपल्या डोळ्यांदेखत पाहावे. जुने तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू देऊ नयेत, तसेच एकावर एक दोन वॉशर घालू देऊ नयेत, कारण नोझल किती आत बसते हे त्या जाडीवर ठरते.

कोणता सिलिंडर कमजोर आहे ते कळण्यासाठी इंजिन आयडलवर ठेवून एकेका हाय प्रेशर पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. ही फवाऱ्याची धार कातडी भेदून आत जाऊ शकते, म्हणून हात दूर ठेवून आणि चष्मा घालूनच हे करावे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सर्व नोझलांना एकाच नळीतून अतिउच्च दाबाचे डिझेल मिळते, हे कधीही करू नये.

पंप बेंचवर चढवला तर पंपावरील प्लेटचा क्रमांक पाहून त्या क्रमांकाच्या तक्त्याप्रमाणेच प्रत्येक गतीला किती डिझेल सुटते ते मोजले पाहिजे. “अंदाजाने थोडे वाढवून देतो” असे म्हणणाऱ्याकडे पंप ठेवू नये. काम झाल्यावर मोजणीची चिठ्ठी मागावी आणि सील लावून घ्यावे. टॅपेटही याच वेळी पाहावेत. उदाहरणार्थ, कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनात थंड असताना इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर अंतर ठेवतात. इतर इंजिनांचे आकडे वेगळे असतात, ते प्लेटवर किंवा पुस्तकात पाहावेत.

८. रिकामी गाडी पळते, पण भार घेऊन कसारा घाटात अर्ध्यावर दम सोडते. थोडे थांबले की पुन्हा चालते. हे काय असते?

थांबल्यावर बरे होणारे दोष मोजकेच असतात. टाकीच्या झाकणाचे छिद्र आणि सक्शनची जाळी (प्रश्न ६) हे पहिले संशयित, कारण थांबल्यावर निर्वात हळूहळू भरतो आणि जाळीवर चिकटलेला गाळ खाली पडतो. दुसरा संशयित एक्झॉस्ट ब्रेक. त्याची झडप काजळीने जड होते, उतारावर वापरल्यानंतर पूर्ण उघडत नाही आणि पुढच्या चढावर इंजिन स्वतःच्याच धुरात गुदमरते. तिचा लिव्हर बाहेरून दिसतो, त्यामुळे सोबतच्या माणसाने नुसते पाहिले तरी पुरते. आतून कोसळलेला सायलेन्सरही असेच करतो. तिसरा संशयित तापलेला इंटरकूलर किंवा रेडिएटर, ज्याच्या जाळीत चिखल आणि भुसा बसला आहे. तापलेली हवा विरळ होते आणि तिच्यासोबत ताकद जाते.

घाटाचा हिशेबही मनात असू द्यावा. कसारा ते इगतपुरी ही चढण सुमारे ३०० मीटरची आहे. १६ टनांची गाडी तेवढी वर उचलायला, रस्ता आणि वाऱ्याचा विरोध सोडूनही, साधारण साडेतीन ते चार लिटर डिझेल लागतेच. त्याला गाडीचा दोष म्हणता येत नाही.

९. इंजिन गरम होत होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. त्याचा ॲव्हरेजशी संबंध आहे का?

आहे, आणि हा दोष घरोघरी आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो. तो नसेल तर इंजिन, विशेषतः हिवाळ्यात आणि रिकाम्या फेरीत, योग्य तापमानाला पोहोचतच नाही. मग डिझेल पूर्ण जळत नाही, ऑइल घट्ट राहते आणि लायनर लवकर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरला टाळून परत फिरते आणि भर चढावर गाडी उलट जास्त तापते. गरम होण्याचे मूळ कारण बहुधा रेडिएटर, पंख्याचा पट्टा किंवा पाण्याचा पंप यांत सापडते.

१०. इंजिन उत्तम आहे, तरीही ॲव्हरेज नाही. कुठे पाहावे?

इंजिनानंतरच्या प्रत्येक गोष्टीकडे. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावून गाडी चालवावी आणि थांबताच सर्व चाकांच्या ड्रमचे तापमान इन्फ्रारेड मापकाने पाहावे. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच गरम असेल तर तो ब्रेक धरतो आहे. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचे अंतर ठरवणारा भाग) जास्त ताणलेला असतो, एस-कॅमचे (ब्रेक शू पसरवणाऱ्या दांड्याचे) बुश जाम झालेले असतात किंवा हवेचा दाब कमी असल्याने पार्किंगचा स्प्रिंग ब्रेक पूर्ण सुटत नाही. टायरची हवा थंड असताना मोजावी. जोडचाकांतील आतला टायर कोणी तपासत नाही आणि तोच कमी हवेवर धावत असतो. पुढचा टायर एका कडेने घासत असेल तर अलाइनमेंट पाहावे.

क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. हा दोष अनेकदा इंजिनाच्या नावावर जमा होतो.

११. इंजिनाचे पूर्ण काम काढायची वेळ आली, हे केव्हा मानावे?

कॉम्प्रेशन मोजल्यावरच. गरम इंजिनात ऑइल भरण्याचे झाकण काढून धूर येतो का ते सगळेच पाहतात, आणि जोराचा, ठोके देत येणारा धूर ही वाईट खूण आहेच. पण ब्रीदर (क्रँककेसमधील हवा बाहेर सोडणारी वाट) बुजलेला असेल किंवा टर्बोच्या सीलमधून हवा क्रँककेसमध्ये येत असेल, तरी तसेच दिसते. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखेच थोडे कमी असेल तर झीज आहे आणि घाई नाही. एखाद-दुसऱ्याचेच पडले असेल तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा तुटलेली रिंग आहे, आणि ते काम थांबवू नये. ऑइलचा खप, सुरू होण्यातला त्रास आणि कॉम्प्रेशन हे तिन्ही एकाच दिशेने बोलत असतील, तेव्हाच पूर्ण काम काढावे.

१२. इंजिनाचे काम करून आणले आणि पिकअप आधीपेक्षाही कमी झाला. असे कसे?

पंपाचे टायमिंग हे पहिले कारण. गिअर एक दात चुकला तरी गाडी सुरू होते आणि चालते, पण टायमिंग मागे असेल तर दम नसतो, एक्झॉस्ट तापतो आणि धूर येतो. पुढे असेल तर खडखडाट होतो. दुसरे कारण टॅपेट. सुरुवातीचे काही हजार किलोमीटर रिंगा बसेपर्यंत थोडा जडपणा राहतो, तो मात्र स्वाभाविक आहे.

१३. पंपाचे डिझेल वाढवले तर पिकअप येईल का?

येईल, आणि काळा धूरही येईल. हवा तेवढीच असताना वाढवलेल्या डिझेलचा बराच भाग उष्णता आणि काजळी होऊन जातो. लांब चढावर एक्झॉस्टचे तापमान वाढत राहते आणि पिस्टन व टर्बो त्याची किंमत मोजतात. पीयूसीच्या तपासणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या गडदपणाचे एकक) आहे. डिझेल वाढवलेली गाडी ती सहज ओलांडते.

१४. माझी गाडी बीएस-४ किंवा बीएस-६ आहे. हेच सगळे लागू होते का?

हवा, टाकी, ब्रेक आणि टायर यांबाबत होते. कॉमन रेल गाडीत मात्र संगणक स्वतः ताकद कमी करू शकतो, म्हणून आधी स्कॅनर लावून कोड वाचावेत. युरियाचे द्रावण वापरणाऱ्या गाड्यांत त्याचे प्रमाण ३२.५ टक्के असावे लागते. पाणी घातलेले द्रावण, बंद पडलेला सेन्सर किंवा स्फटिकांनी बुजलेले नोझल यांमुळे गाडी मुद्दाम अशक्त केली जाते. बीएस-६ मध्ये काजळीचा फिल्टर भरल्यावरही तसेच होते. ही यंत्रणा फसवणारी उपकरणे बाजारात मिळतात, पण ती बेकायदा आहेत आणि पुढच्या खऱ्या दोषाचे निदानही अशक्य करून ठेवतात.

१५. ऊस हंगामात दरवर्षी ॲव्हरेज पडते. गाडीचा दोष की हंगामाचा?

दोन्हींचा. शेतातील मऊ जमीन, खालचे गिअर आणि कारखान्याच्या रांगेत तासन् तास चालू ठेवलेले इंजिन यांचा हिशेब वेगळा मांडावा. सहा सिलिंडरचे इंजिन आयडलवर तासाला दीड-दोन लिटर पिते. पाचटाची धूळ फिल्टर फार लवकर भरते, म्हणून या काळात त्याची तपासणी किलोमीटरवर नव्हे, दिवसांवर ठेवावी. फिल्टर झटकताना आतून जोराची हवा मारून कागद फाडू नये.

१६. सगळे तपासले, काहीही सापडले नाही. आता?

गाडी वजनकाट्यावर न्यावी, आधी रिकामी आणि मग भरलेली. जुन्या गाडीची बॉडी बदलताना जाड पत्रा, वाढीव फाळके आणि जादा टूलबॉक्स चढत जातात आणि रिकामे वजन आरसी बुकातल्या आकड्याच्या पुढे जाते. त्यात २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलभार वाढवले, तेव्हा दोन ॲक्सलच्या ट्रकची कमाल मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. आपल्या आरसीवर जुनाच आकडा असेल तर कायद्याने तोच बंधनकारक आहे, पण बाजारात भाडे नव्या आकड्याने ठरते आणि जुन्या इंजिनावर नवे ओझे चढते.

मागच्या मालकाने डिफरन्शियल बदलले असेल तर क्राउनचे (डिफरन्शियलच्या मोठ्या गिअरचे) प्रमाणही मोजून पाहावे. घाटासाठीचा क्राउन सपाट महामार्गावर इंजिनाला विनाकारण जास्त फिरवतो. महामार्गावरचा क्राउन घाटात गाडीचा जीव काढतो, आणि अशा गाडीचा पंप कितीही वेळा कॅलिब्रेट केला तरी तक्रार तशीच राहते.